मधोमध उभा काटा

शहादेवनं चावी अर्धी फिरवली आणि तो डॅशबोर्डकडं बघतच राहिला.

इंजिन अजून चालू केलं नव्हतं. सकाळचे सात वाजले होते. टँकर रात्रभर तलवाड्याच्या गॅरेजसमोर उभा होता आणि बॉनेट हाताला थंडगार लागत होतं. ऑइलचा काटा खाली पडलेला. टाकीत अर्ध्याच्या वर डिझेल असूनही डिझेलचा काटा तळाला. किलोमीटरचा काटा चालतो की नाही ते गाडी पळाल्यावरच कळणार होतं. पण टेंपरेचरचा काटा तेवढा चावी फिरल्याबरोबर टुणकन उठला आणि बरोबर मधोमध येऊन थांबला.

"मिस्त्री," त्यानं खिडकीतून हाक मारली, "इंजिन तर गार हाय. मग ह्यो काटा मधी कावून आला?"

राधाकिशन मिस्त्री चिंधीला हात पुसत आला. आत डोकावून म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलंय बे. मीटर सगळे जुन्या गाडीचे. त्यांचं ह्याचं जुळत न्हाई. मी काट्यांना हात लावला न्हाई, वायरी तशाच लोंबत्यात. तू इंजिन बघ, कसं शिलाई मशीनवानी चालतंय."

शहादेव खाली उतरला आणि त्यानं बॉनेट उचललं. इंजिनाची उष्णता मोजणाऱ्या बटणाकडून काट्याकडं जाणारी वायर खरंच मोकळी लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती. तिच्या टोकाला मिस्त्रीनं टेप गुंडाळून ठेवली होती.

वायर मोकळी, इंजिन गार, आणि काटा मधोमध. शहादेवच्या मनात पाल चुकचुकली.

तसा त्याला आता कुणाचाच भरवसा राहिला नव्हता. टँकर वाडीच्या दूध संस्थेचा. दोन हजार बारा साली विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, दूध बंद पडलं. तेव्हा संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांनी दुधाचा टँकर धुऊन घेतला आणि पाण्याला लावला. उमापूरकडच्या एका विहिरीवरून दिवसाला तीन खेपा. पाच महिने शहादेवला उसंत नव्हती. मग होळीच्या आदल्या दिवशी भरल्या टँकरसकट गाडी रस्त्यातच बसली. रेडिएटरमधलं पाणी कधी उकळून गेलं ते कळलंच नाही. इंजिन आतून भाजून जाम झालं. वाडीला चार दिवस पाणी मिळालं नाही.

संस्थेच्या मीटिंगीत अर्जुनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काटा लाल झाला तरी ह्यो गाडी दामटतच राहिला."

"काटा मधोमध होता, दादा. मी बघत होतो," शहादेव म्हणाला.

"काटा मधोमध न् इंजिन जळालं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव इंजिनजाळ्या पडलं. त्याला काढून टाकला नाही तो एवढ्यासाठीच की गाडी चालवता येणारे बाकीचे सगळे उसाच्या वाहतुकीला गेले होते.

नवं इंजिन म्हणजे जुन्या बाजारातलं. ते अर्जुनरावांच्या मेहुण्यानं आणून दिलं आणि राधाकिशननं बसवलं. आता तलवाड्याहून वाडीकडं येताना शहादेवनं मनातल्या मनात एकाला एक जोडत नेलं. इंजिन भंगार असणार. ते तापणार. तापलेलं दिसू नये म्हणून मिस्त्रीनं काटा मधे बांधून ठेवला असणार. पुन्हा इंजिन जळालं की पुन्हा बोट आपल्याकडं. वाडीची शीव येईपर्यंत त्याला खात्रीच पटली.

घरी त्यानं हे बायकोला सांगितलं. कौशल्या भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी डोळ्यानं बघितलं का, त्यानं बांधताना?"

"वायर मोकळी हाय न् काटा उठतोय. आनखी काय बघायचं?"

"मग बघूस्तवर कुणाचं नाव घेऊ नका. तुमचं नाव असंच घेतलं लोकांनी."

पण त्याला दम निघाला नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिता पिता तो चारचौघांत बोलून गेला, "कुठंतरी पाणी मुरतंय. मिस्त्रीनं काटा बांधून दिलाय मला." आठ दिवसांत ते वाडीत पसरलं, पंधरा दिवसांत तलवाड्यात. जुन्या बाजारातला माल नवा म्हणून बसवतो, असंही त्यात कुणी जोडलं. ते शहादेवनं जोडलं नव्हतं, पण त्यानं ते खोडलंही नाही.

अर्जुनरावांकडं जाऊन त्यानं विचारलं, "दादा, काटे तेवढे नीट करून घेऊ का?"

"टँकर चालतोय का न्हाई?"

"चालतोय."

"मग चालू दे. बाया घागरी घेऊन पहाटंपासून बसत्यात. काट्याचं पाऊस पडल्यावर बघू."

बोलणं सरळ होतं. पण शहादेवला त्यात सरळ काही ऐकूच येईना. हे नको का म्हणतात? मेहुण्याचं इंजिन उघडं पडंल म्हणून? तो रोज तीन खेपा करत होता, पण काट्यावर विश्वास नव्हता म्हणून दर दहा किलोमीटरला गाडी थांबवायचा, बॉनेटवर हात ठेवायचा, नाक खुपसून वास घ्यायचा. इंजिन तापत नव्हतं. त्याचाही त्याला संशय येऊ लागला.

शेवटी एका बुधवारी टँकर भरायच्या विहिरीवरची मोटार जळाली आणि दिवसभर गाडी रिकामी राहिली. शहादेवनं कुणाला न विचारता गाडी गेवराईला घातली.

हायवेच्या कडंला आसाराम वायरमनचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरींत त्याची हयात गेलेली. चष्म्याला दोरा बांधलेला, बोलणं कमी. त्यानं टँकरला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि एकेक सांगू लागला. डिझेलची वायर टाकीपाशी निसटली होती. ती त्यानं पाच मिनिटांत बसवली आणि काटा अर्ध्याच्या वर जाऊन थांबला. किलोमीटरची केबल इंजिनाबरोबर आलेल्या गिअरबॉक्सला बसत नव्हती. तिचं टोक बदलावं लागलं. ऑइलच्या काट्याचं वेगळंच होतं.

"नव्या इंजिनाचं बटण एका भाषेत बोलतंय, तुझा काटा दुसऱ्या भाषेत ऐकतोय," आसाराम म्हणाला. "जुनं बटण हाय का तुझ्याजवळ?"

जळालेल्या इंजिनाची दोन्ही बटणं शहादेवनं पिशवीत ठेवलीच होती. एक ऑइलचं, एक टेंपरेचरचं. ऑइलचं बटण नव्या इंजिनात सरळ बसलं. मग आसारामनं इंजिनाला बॉडीशी जोडणारी तांब्याची जाड पट्टी बसवली. इंजिन रबरावर टेकलेलं, ही पट्टी नसली की काटे भरकटतात, असं तो म्हणाला. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा काटा हळूच वर आला आणि ॲक्सिलेटर दाबला तसा आणखी चढला. शहादेवच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. म्हणजे इंजिनात दम होता.

"आता टेंपरेचर," शहादेव म्हणाला. "तिथंच बांधलंय काहीतरी."

आसाराम डॅशबोर्डखाली उताणा पडला आणि बॅटरी तोंडात धरून वर बघू लागला. मग बॅटरी तोंडातून काढून म्हणाला, "बांधलंय."

"म्हणलं न्हवतं मी! त्या राधाकिशननंच…"

"थांब."

आसारामनं पकडीनं काहीतरी तोडलं आणि बाहेर येऊन ते तळहातावर ठेवलं. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, अंगावर रंगीत पट्टे असलेलं, दोन्ही बाजूंना तारेचे पाय. जुन्या रेडिओत असतं तसलं. एक पाय मीटरच्या मागं जोडलेला होता आणि दुसरा बॉडीच्या स्क्रूखाली. इंजिनाकडून येणारी वायर काट्यापर्यंत पोचतच नव्हती. चावी फिरली की काटा मधोमध. इंजिन गार असो, नाहीतर पेटलेलं.

"ह्याच्यावरची धूळ बघ," आसाराम म्हणाला. "पंधरा दिवसाची न्हाई ही."

"मग कवाची?"

आसारामनं नजर हातातल्या पकडीकडं वळवली. ते शहादेवच्या डोळ्यांत आलं. "तुमाला ठावं हाय," तो म्हणाला. "सांगा."

"चार वरसं झाली." आसारामनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हे सोल्डरिंग माझंच हाय. मी माझा हात ओळखतो. तुमच्याच संस्थेची गाडी, दुधाची. डायवर म्हातारा होता, कानात बाळी."

वाडीत कानात बाळी घालणारा एकच ड्रायव्हर होता. हरिबा मामा. शहादेवच्या आधी टँकर त्याच्याकडंच होता.

"म्हणला, काटा जरा वर चढला की संस्थेचा माणूस शेजारी बसून बोंबलतो, गाडी थांबवायला लावतो, तोवर दूध नासतं. मधीच उभा कर म्हणला. मी म्हणलं, न् खरंच तापलं तर? तर म्हणतो, माझं नाक हाय की." आसारामनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी करायला नको होतं. पण केलं."

त्यानंतर त्यानं मुकाट्यानं काम पुरं केलं. जुन्या बटणाचे आटे नव्या इंजिनाला बसेनात म्हणून शेजारच्या लेथवरून पितळी बुश करून आणला. बसवायच्या आधी लांब वायरी जोडून बटण चहावाल्याच्या पातेल्यात सोडलं. पाणी जसं तापत गेलं तसा काटा हलू लागला. उकळी फुटली तेव्हा तो लाल पट्ट्याच्या तोंडाशी होता. बटण बाहेर काढलं, तसा हळूहळू खाली आला. शहादेव दोन वर्षं ज्या काट्याकडं बघत आला होता तो त्यानं आज पहिल्यांदा हलताना बघितला.

वाडीकडं परत येताना त्याला एकच गोष्ट आठवत राहिली. बारा वर्षांपूर्वी तो कोयता घेऊन ऊसतोडीला जात होता. हरिबानं त्याला आधी क्लीनर म्हणून घेतला, मग माळावर नेऊन क्लच आणि गिअर शिकवले. "कारखान्याच्या पालात पोरं वाढवू नको," म्हणाला होता. मधली वर्षं शहादेव दुसऱ्यांच्या गाड्यांवर होता. दोन वर्षांपूर्वी हरिबाच्या डोळ्यात मोतीबिंदू आला, संस्थेनं त्याला उतरवलं आणि चावी शहादेवला दिली.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप टाकून तो हरिबाच्या दारात गेला. म्हातारा अंगणात सुतळी वळत बसला होता. आत त्याची बायको बायनाबाई धान्य निवडत होती. शहादेवनं ते रंगीत दाण्याएवढं यंत्र म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं.

हरिबानं ते डोळ्यांजवळ नेलं. न दिसूनही ओळखलं. "आसारामकडं गेलतास तर," तो म्हणाला.

"मामा, मला सांगितलं का न्हाई?"

"तू विचारलं का?" हरिबाचा आवाज चढला. "मला उतरवलं त्याच दिवशी तू चावी खिशात घातली. एका शब्दानं म्हणला न्हाईस, मामा, गाडीचं काय काय हाय ते सांगा. न् मी आपणहून यायचं तुझ्या दारात?"

"चूक झाली माझी. पण मीटिंगीत? तुमी बसला होता तिथं. समदे माझ्यावर हसत होते."

म्हाताऱ्याचे हात सुतळीवर थांबले. तो बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात अर्जुनदादा म्हणले, हरिबाच्या हाताखाली गाडीला असं कधी झालं न्हाई. समद्यांनी माना हलवल्या. दोन वरसात पैल्यांदा कुणी माझं नाव घेतलतं, शहादेव." मग एकदम मान वर करून म्हणाला, "न् तू तरी? दोन वरसं रोज काटा बघितला. तो हालतच न्हाई, हे दिसलं न्हाई तुला?"

काटा मधोमध आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं शहादेव धरून चालला होता. चावी अर्धी फिरवून थांबायची कधी वेळच आली नव्हती; फिरवली की इंजिन सुरू. तो उठला आणि बाहेर पडला. दारात बायनाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी त्यानं संस्थेच्या ऑफिसात जाऊन ते यंत्र अर्जुनरावांच्या टेबलावर ठेवलं आणि काटा कसा खोटं बोलत होता ते सांगितलं. अर्जुनरावांनी ते बोटांत धरून फिरवलं.

"कुणी बसवलं हे?"

शहादेवच्या ओठांवर नाव आलं होतं. पण एक नाव त्यानं पंधरा दिवस गावभर मिरवलं होतं आणि ते चुकीचं निघालं होतं. दुसरं खरं होतं, पण त्या माणसाच्या जिवावर त्याचा कोयता सुटला होता. "ठावं न्हाई," तो म्हणाला.

अर्जुनरावांनी डोळे बारीक केले. "मला न विचारता गाडी गेवराईला नेलीस. येताना हे घेऊन आलास. कुणी बसवलं ते ठावं न्हाई म्हणतोस." ते खुर्चीत मागं रेलले. "इंजिन जाळल्याचा डाग पुसायला हे तूच बसवून तूच काढलं नसशील कशावरून?"

शहादेव त्यांच्याकडं बघत राहिला. हा माणूस आता जसा बघत होता, तसंच आपण पंधरा दिवस राधाकिशनकडं बघत होतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं आणि तो दाराकडं वळला.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी टँकर पारापाशी लागला, घागरी आणि ड्रमांची रांग झाली आणि पाइपावरून नेहमीची भांडणं सुरू झाली. तेवढ्यात बायनाबाई हरिबाचा हात धरून आली. त्याला दिसत नव्हतं म्हणून धरला होता की तो मागं फिरू नये म्हणून, ते कुणाला कळलं नाही. अर्जुनराव पारावरच बसले होते.

"सांगा," बायनाबाई म्हणाली.

हरिबानं घसा साफ केला. "काटा मी बांधून घेतलता. दुधाच्या टायमाला. चार वरसं झाली. शहादेवला ठावं न्हवतं न् मी सांगितलं न्हाई. मीटिंगीत बी गप बसलो."

पाइप धरायचं कुणाला भानच राहिलं नाही. पाइपातून पाणी सांडायला लागलं आणि कुणीतरी धावत जाऊन वाल्व बंद केला. मग वच्छलाबाई पुढं आली. तिच्या घरी त्या चार दिवसांत खारं पाणी पिऊन सासू आजारी पडली होती. "तोंडाला कुलूप लावलतं का तुमच्या?" ती म्हणाली. "आमी त्याला काय काय बोललो!" हरिबानं मान खाली घातली ती वर केली नाही. बायनाबाईनं पुन्हा त्याचा हात धरला आणि दोघं आली तशी निघून गेली. अर्जुनराव शहादेवला एवढंच म्हणाले, "बरं झालं, कळलं ते." ऑफिसात जे बोलले होते त्याचं त्यांनी नाव काढलं नाही. त्यानंतर हरिबा पारावर येऊन बसला नाही, आणि शहादेवही त्याच्या अंगणात गेला नाही. जायचं म्हणून दोनदा निघाला आणि वाटेतून वळला.

तलवाड्याला मात्र तो गेला. राधाकिशन एका ट्रॅक्टरखाली पडला होता. तो बाहेर आलाच नाही, खालूनच बोलला.

"मिस्त्री, चुकलं माझं."

"हां."

"मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते समद्या तालुक्याला ठावं हाय. दोन गिऱ्हाइकं माघारी गेली माझी." पाना लोखंडावर आपटला. "न् आता एकटाच येऊन माझ्या कानात सांगतोस व्हय? जिथं बोललास तिथं जाऊन सांग."

शहादेव त्याच पावली वाडीच्या स्टँडवर गेला. हॉटेलात सात-आठ माणसं होती. चहा न मागवता तो उभ्यानंच म्हणाला, "राधाकिशन मिस्त्रीनं काटा बांधला न्हवता. मी खोटं बोललो. इंजिन चोख बसवलंय त्यानं." एकजण म्हणाला, "बस की, चहा घे." दुसरा म्हणाला, "मिस्त्रीनं दम दिला वाटतं." शहादेवनं त्याच्याकडं बघितलं. असं काही नाही म्हणून त्यानं दोनदा सांगितलं, तरी त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही.

मे महिन्यात ऊन पेटलं. एका दुपारी भरला टँकर घेऊन येताना चढावर टेंपरेचरचा काटा मधल्या रेषेच्या पुढं सरकला. शहादेवनं बाभळीखाली गाडी घातली, इंजिन मंद चालू ठेवलं आणि काटा खाली यायची वाट बघत बसला. त्या खेपेत दोनदा असं झालं, आदल्या दिवशीही झालं होतं. वाडीत पोचायला सव्वा तास उशीर झाला.

रांग चिडलेली होती. "कुठं उतरवलं पाणी?" वच्छलाबाईनं विचारलं. "दोन दिवस झाले, उशीर होतोय. कुणाच्या मोसंबीला सोडतोस?"

"काटा वर चढलता. थांबलतो."

"आधी काटा चढत न्हवता तर इंजिन जळालं. आता चढतोय तर पाण्याला उशीर."

शहादेवला राग आला, पण तो राग त्याला ओळखीचा होता. तो कॅबिनमधून उतरला आणि त्यानं डावीकडचं दार उघडलं. "उद्याच्या दुपारच्या खेपंला संगं चला. स्वतः बघा."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई खरंच आली. पदर खोचून सीटवर बसली आणि उमापूरकडं जाताना सगळी वाट काट्यावरून नजर काढली नाही. भरून येताना त्याच चढावर काटा सरकला तेव्हा शहादेवच्या आधी तीच म्हणाली, "थांबव, थांबव." ते बाभळीखाली अर्धा तास थांबले. सासूची तब्येत आता बरी आहे, असं तिनं सांगितलं. पुढच्या वर्षी घरच्यांबरोबर ऊसतोडीला जावं लागंल असं वाटतं, तेही सांगितलं. काटा मागं आला आणि ते निघाले.

वाडीत पोचल्यावर बायांनी तिला घेरलं. "काय गं, खरंच थांबतो का?"

"थांबतो," वच्छलाबाई म्हणाली. आणि तरीही घागर उचलायच्या आधी ती टँकरच्या मागं गेली, वाकून पाणी सोडायच्या खालच्या वाल्वला हात लावला आणि तो कोरडा आहे ना ते चाचपून बघितलं.